इंग्रजी विरामचिन्हांचे अध्यापन
मराठी माध्यमाच्या शाळांतील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना स्वल्पविराम, पूर्णविराम इ. चिन्हे नवी नसतात. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच मराठीत आली व त्यांच्या प्रसाराचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. खरी अडचण ॲपॉस्ट्रॉफीची. ‘बॉय’ या शब्दाची एकवचनी व अनेकवचनी संबंधरूपे उच्चारात सारखीच असतात. चिन्ह ‘एस’ या अक्षराआधी असल्यास मुलगा एक, नंतर असल्यास अनेक, हा भेद केवळ लेखनात दिसतो. मराठीत ‘मुलाची वही’ व ‘मुलांची वही’ यांतील हाच भेद अनुस्वार दाखवितो. या परिचित उदाहरणापासून आरंभ केल्यास नियमाचे पाठांतर बरेचसे अनावश्यक ठरते. मात्र ‘इट’ या सर्वनामाचे संबंधरूप चिन्हाविना लिहितात आणि चिन्हयुक्त रूप हा ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असतो. येथे मराठीचा आधार मिळत नाही. वाक्ये लिहवून घेणे, हाच उपाय.