होळी (दुसरा दिवस)

आमच्या रूमवरचा एक मित्र दर वर्षी होळीला सहा दिवस घरी जातो आणि दर वर्षी डिफॉल्टर लिस्टमध्ये झळकतो. कारण कॅलेंडरवर सुट्टी एकच, ‘होळी (दुसरा दिवस)’. फर्स्ट इयरला मलाही वाटलं होतं, की हा सरळ बंक मारतोय. फुगे मारायला सहा दिवस कशाला लागतात? पण सेकंड इयरला आम्ही चौघे त्याच्या मागोमाग त्याच्या भागात गेलो आणि माझी होळी पार बदलून गेली.

आधी थोडं गणित. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे शुद्ध-वद्य वगैरे प्रकार इंजिनिअरिंगला आल्यावर शिकलो (तेही कालनिर्णय बघून!). चंद्र वाढत जातो तो शुद्ध पक्ष, कमी होत जातो तो वद्य. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते आणि दुसऱ्या दिवशी धुळवड, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण ठिकठिकाणच्या होळ्या या पौर्णिमेच्या मागेपुढे पसरलेल्या आहेत. म्हणून ‘होळी बघायला जाऊ’ म्हणून लाल तारखेचं तिकीट काढणारा हमखास फसतो.

उदाहरणार्थ बरसाना. टीव्हीवर बायका लाठ्या मारतात आणि पुरुष ढाली डोक्यावर धरून बसतात, ती लठमार होळी फाल्गुन शुद्ध नवमीला असते. बरसाना हे राधेचं गाव, तिथे मार खायला येतात कृष्णाच्या नंदगावचे पुरुष. दशमीला उलटा हिशेब, बरसान्याचे पुरुष नंदगावात. म्हणजे धुळवडीला मथुरेत उतरलात, तर लाठ्या केव्हाच घरात गेलेल्या असतात. आपल्या कोकणातही तसंच. काही गावांचा शिमगा तेरसा, म्हणजे त्रयोदशीचा, तर काहींचा पौर्णिमेचा. नंतर पालखी घरोघर फिरते, ते कित्येक दिवस चालतं. मुंबईचा चाकरमानी आपल्या घरी पालखी कधी येणार ते फोनवर विचारतो आणि मग रजा टाकतो, ते उगाच नाही. गोव्यात शिगमोच्या मिरवणुका वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या दिवशी निघतात, त्यामुळे तिथे निदान चुकामूक होत नाही. मात्र मोठ्या चित्ररथांपेक्षा सत्तरीतली घोडेमोडणी बघा असा माझा (न विचारलेला) सल्ला. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात.

आता आमची ट्रिप. गाव काठी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबारला उतरायचं, तिथून अक्कलकुवा, मग देवगोई घाट चढून मोलगी. तिथून काठी जवळच. काठी हे सातपुड्यातल्या एका जुन्या संस्थानाचं गाव, म्हणून ही ‘राजवाडी होळी’. १२४६ सालापासून ती पेटते असं तिथे सांगितलं जातं. होळीच्या आधीच्या दिवसांत आजूबाजूच्या मोठ्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. होळीचा गूळ, डाळ्या, हार-कंगण, नवे कपडे, सगळी खरेदी तिथेच. नुसता बाजार बघायलाही एक दिवस हवा.

मित्र आम्हाला बाजारातल्या चहाच्या टपरीवर भेटला. आम्ही स्टूल पुढे केलं, तर म्हणाला, ‘बसत नाही, पाळणी आहे.’ ज्यांनी नवस केलेला असतो, ते नाचायच्या आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. तो यंदा बुध्या होणार होता. सहा दिवसांचा हिशेब मला त्या टपरीवर लागला. आम्ही बसून चहा प्यायलो, तो उभाच.

होळीच्या रात्री मात्र त्याला ओळखताच येईना. अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. हे भोपळे नुसती सजावट नाही. पोकळ असतात, उडी मारली की एकमेकांवर आपटून वाजतात. म्हणजे नाचणारा माणूस स्वतःच वाद्य! असे गावोगावचे शेकडो जण येतात, आपापले ढोल घेऊन. ढोल एवढे मोठे, की जवळ उभं राहिलं तर आवाज छातीत वाजतो. मधे होळीचा उंचच उंच बांबू. इथे संध्याकाळी होळी पेटवून, नारळ टाकून घरी जायचं, असं काही नाही. रात्रभर फेर धरून नाच आणि होळी पेटते पहाटे. आमच्यातल्या एकाने बाराला विचारलं, ‘अजून पेटवली का नाही?’ आणि दोन वाजता जीपमध्ये जाऊन झोपला. त्याने होळी बघितलीच नाही.

मी एक चूक केली, ती सांगतो. बुध्यांच्या फेरात कॅमेरा घेऊन घुसलो, क्लोज-अप पाहिजे होता. एका म्हाताऱ्या आजोबांनी दंडाला धरून बाहेर काढलं. रागावले नाहीत, पण जिथे उभं केलं तिथून मी पहाटेपर्यंत हललो नाही. नंतर मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, ‘तू गरब्याच्या स्टेजवर चढल्यासारखं केलंस, पण आमचं स्टेज नसतं, तो नवस असतो.’ जाणाऱ्याने फोटो आधी विचारून काढावेत, आणि फेराबाहेरून दिसतं तेवढं पुष्कळ असतं. बाकी तयारी म्हणजे जाड चादर (पहाटे गारठतं), खायला काहीतरी, आणि परतीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवणं.

होळी पेटली तेव्हा उजाडायला आलं होतं. म्हणजे कॅलेंडरवरची ‘होळी (दुसरा दिवस)’ तिथे नुकती सुरू होत होती, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला हजर राहायचं होतं.

मित्र यंदाही जाणार आहे. रजेचा अर्ज मी लिहून दिलाय. कारणाच्या जागी ‘होळी’ खोडून ‘व्रत’ लिहिलं. सही अजून व्हायची आहे.