घाटावरची सायकल

काशीत अमृतराव घाटाच्या वरच्या पायरीवर आम्ही दोघे बसलो होतो. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाचा हा घाट. आता बहुतेक लोक त्याला राजा घाट म्हणतात. शेजारी बसलेला भाचा बनारसातच वाढलेला. त्याने मोबाइलवर एका सायकलीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "मामा, ही घेतली तर या पायऱ्या उतरता येतील ना?" कॉलेजातले चौदा मित्र जमवायचे आणि रविवारी चुनारच्या टेकड्यांत सायकली घालायच्या, असा त्याचा बेत होता. त्याआधी सायकलीची परीक्षा घाटावर घ्यायची.

पुण्याच्या टेकड्यांवर मी बरीच वर्षं सायकल चालवतोय आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत ऐकतोय. म्हणून त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते जरा नीट मांडून लिहितो.

पायऱ्या उतरते तीच खरी माउंटन बाइक?

पायरी ही फार शिस्तीची गोष्ट आहे. प्रत्येक पायरीची उंची जवळजवळ सारखी, दगड पक्का बसलेला, दिशा सरळ. सराव असलेला माणूस बऱ्याच सायकली पायऱ्यांवरून उतरवू शकतो, त्यामुळे त्यातून सायकलीबद्दल फारसं काही कळत नाही. डोंगरातल्या पायवाटेवर याच्या उलट असतं. पायाखालचा मुरूम सरकतो, वळण बाहेरच्या बाजूला कललेलं असतं, मध्येच बाभळीचं मूळ येतं, आणि उतार संपतो न संपतो तोच चढ लागतो. सायकल वळते कशी, चढते कशी आणि सुट्या दगडांवर थांबते कशी, हे पायऱ्या सांगत नाहीत.

शिवाय घाट हा लोकांचा आहे. तिथे आजी स्नानाला उतरत असते, कुणी दशक्रिया करत असतं. दर पावसाळ्यात गंगा खालच्या पायऱ्या बुडवते आणि ओसरताना त्यांवर गुळगुळीत गाळ सोडून जाते. तिथे सायकल घालू नये, एवढं मी भाच्याला अगदी स्पष्ट सांगितलं. काशीच्या घाटांचा बराचसा दगड चुनारकडचाच आहे. साधारण ४० किलोमीटरवरच्या त्या टेकड्यांत तोच वालुकाश्म उघडा पडलेला आहे. सायकल तिथे न्यावी.

आपल्या कानाला 'घाट' म्हटलं की आधी सह्याद्री आठवतो. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि कोकणात उतरणारी वाट, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. पण सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटाही सरसकट सायकलीच्या नाहीत. नाणेघाटाची दगडी वाट व्यापाऱ्यांच्या पावलांसाठी आणि बैलांच्या खुरांसाठी घडवलेली. तिथे सायकल खांद्यावरच जाते.

'ट्रेल बाइक' म्हणजे काय?

आपल्याकडे 'बाइक' म्हटलं की मोटारसायकल, त्यामुळे घरच्यांशी बोलताना इथेच गोंधळ सुरू होतो. ट्रेल बाइक ही पायाने चालवायची सायकल. पायवाटेवर चढ आणि उतार दोन्ही करायचे, शर्यत नाही, कड्यावरून उड्याही नाहीत, अशा वापरासाठी ती बनवलेली असते. डोंगरी सायकलींच्या कुटुंबातलं हे मधलं भावंड. एका बाजूला चढावर वेगवान, हलकी क्रॉसकंट्री; दुसऱ्या बाजूला फक्त खाली येण्यासाठी घडवलेली जड डाउनहिल.

सस्पेन्शन जितकं जास्त तितकं चांगलं?

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. क्रॉसकंट्री सायकलीत सस्पेन्शनची हालचाल साधारण १०० ते १२० मिलिमीटर असते, ट्रेल बाइकमध्ये १२० ते १५०, डाउनहिलमध्ये २०० च्या आसपास. आकडा वाढत जाईल तशी सायकल उतारावर निर्धास्त आणि चढावर सुस्त होत जाते. चौदा जणांच्या टोळीत दिवसाचा बहुतेक वेळ चढण्यात जातो, हे दुकानात उभं असताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आकड्याहून महत्त्वाचं असतं ते पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या आतलं तेल. स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळलेला धक्का ती परत फेकतेही. तो परत येण्याचा वेग आवरायला तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं. याला डॅम्पिंग म्हणतात. स्वस्त फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, तेलाचं काम नसतंच. दगडावरून उतरताना असा फोर्क चेंडूसारखा उसळतो आणि नेमक्या वळणावर पुढचं चाक जमीन सोडतं. मागच्या बाजूला दिसायला शॉक आणि आत नुसती स्प्रिंग अशा स्वस्त सायकलीही भरपूर विकल्या जातात. पेडल मारलं की त्या बसकण मारतात आणि पायातली बरीच ताकद तिथेच जिरते.

म्हणून पहिल्या सायकलीसाठी माझं मत ठाम आहे: तेवढ्याच पैशात हार्डटेल घ्यावी. म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, पुढे मात्र १०० ते १३० मिलिमीटरचा, हवेवर चालणारा, डॅम्पिंग असलेला चांगला फोर्क. मागच्या सांध्यांची बेअरिंगं नसल्यामुळे आपल्या धुळीत आणि चिखलात देखभालही कमी. हवेच्या फोर्कमध्ये हवा स्वाराच्या वजनानुसार भरावी लागते. सायकलीवर उभं राहिल्यावर फोर्क एकूण हालचालीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा खाली बसला पाहिजे. पुढे फुल सस्पेन्शन घेतलीत तर मागच्या शॉकसाठी हा हिस्सा पंचवीस ते तीस टक्के. दुकानातून आणल्यावर हे कुणी केलंच नाही, तर लाखाची सायकलही लाकडासारखी कडक वाटते.

उंची सांगितली की साइझ कळतो?

अर्धवटच कळतो. आपल्या लहानपणी मोठी सायकल घ्यायची आणि नळीखालून पाय घालून शिकायचं, असा हिशेब होता. पायवाटेवर तो चालत नाही. तिथे माणूस बराच वेळ पेडलवर उभा असतो, म्हणून पेडलच्या मधल्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर, ज्याला रीच म्हणतात, ते महत्त्वाचं. उभं राहून हँडल धरा: कोपर थोडे वाकलेले आणि छाती मोकळी हवी. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हातपाय वेगळे असतात, म्हणून चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सीटची उंची एकदाच लावायची, हाही जुना समज. चढाला सीट वर हवी, उताराला खाली. ट्रेल बाइकवर त्यासाठी ड्रॉपर असतो. हँडलवरची कळ दाबून सीट खाली-वर होते. तो नसेल तर उतारापूर्वी थांबून सीट हाताने खाली करा. दोन मिनिटं जातात, पण पोटात सीट घुसण्याचा प्रसंग टळतो.

चाकांबद्दल थोडक्यात: २९ इंची चाक फक्त उंच लोकांसाठी, हे खरं नाही. मोठं चाक खड्ड्यांवरून सहज जातं, २७.५ इंची चटकन वळतं. बुटक्या माणसाने आधी फ्रेम पाहावी, चाकाचा विचार मग.

एकवीस गिअर बारापेक्षा चांगले?

गणित करून पाहू. पुढे ४२-३४-२४ दात आणि मागे १४ ते २८, अशा एकवीस गिअरच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पुढे एकच ३२ दातांची चकती आणि मागे १० ते ५१ दातांच्या बारा चकत्या असतील, तर सर्वांत हलका गिअर ०.६३. सर्वांत जड गिअर दोन्हीकडे जवळपास सारखा: ३.० आणि ३.२. म्हणजे बारा गिअरची सायकल खड्या चढावर बरीच हलकी चालते. एकवीसमधले कित्येक गिअर एकमेकांची नक्कलच असतात.

हवा टाइट हवी?

डांबरी रस्त्यावर ठीक. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सवयीने ४०-५० पीएसआय भरतो आणि तशीच सायकल मुरमावर नेली की ती गोट्यांवर चालल्यासारखी घसरते. २.३ ते २.४ इंच रुंद ट्यूबलेस टायर आणि ६५ ते ७५ किलोचा स्वार असेल तर २२ ते २७ पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर ४-५ जास्त. नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे पसरलेले असतात. ट्यूबलेसमधला द्रव काट्याची भोकं आतल्या आत बुजवतो, म्हणून माझ्या मते तो खर्च सगळ्यांत आधी करावा.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो?

ही भीती इतकी खोल आहे की अनेक जण आयुष्यभर मागचाच ब्रेक वापरतात. वास्तविक वेग कमी करताना शरीराचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी थांबवण्याची ताकद तिथेच असते. मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरत जातं. माणूस उलटतो तो पुढचा ब्रेक एकदम आवळल्यामुळे, हात ताठ आणि अंग पुढे असल्यामुळे. टाचा खाली, कंबर मागे, एका बोटाने हळूहळू दाब: मैदानात अर्धा तास सराव केला की भीती जाते. वळणात शिरण्याआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे.

मित्रांचीच तर राइड, तयारी कशाला?

हा खेळ जन्माला आला तोच मित्रांच्या टोळीतून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. साधारण ३.४ किलोमीटरच्या त्या उतारात जवळपास ४०० मीटरची उतरण होती. पेडल उलटं फिरवून लागणारा हबमधला ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. पुन्हा भरण्याच्या या कामावरूनच त्या वाटेचं नाव पडलं 'रीपॅक'. मौजेसाठी निघालेल्या त्या पोरांनाही दर खेपेला सायकल उघडून बसावं लागत होतं.

टोळीच्या राइडमधला मोठा गैरसमज असा की सर्वांत वेगवान माणसाने पुढे राहावं आणि बाकीच्यांनी गाठावं. यात एक अन्याय दडलेला असतो. पुढचे दहा मिनिटं बसतात, पाणी पितात. शेवटचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी सगळे उठून निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या खेपेला तो येत नाही, आणि टोळी अशीच विरत जाते. म्हणून साधा नेम ठेवावा: शेवटचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची.

दुसरा नेम फाट्याचा. वाट जिथे फुटते तिथे थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुढे वाट माहीत असलेला एक, सर्वांत मागे अनुभवी आणि शांत स्वभावाचा एक; त्या मागच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. दर थांब्यावर डोकी मोजायची. चौदा जण असतील तर सात-सातच्या दोन तुकड्या कराव्यात, कारण एकाचं पंक्चर झालं की सगळेच थांबतात.

सामान एकाने आणलं की झालं, हेही चुकीचं. पंप आणि साखळी तोडण्याचं अवजार सामाईक चालतं. पण ट्यूब चाकाच्या मापाची लागते, साखळी जोडायची कडी गिअरच्या संख्येप्रमाणे बदलते, आणि मागच्या गिअरचा हँगर तर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तो मऊ धातूचा मुद्दाम बनवलेला असतो, म्हणजे आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकतो. हँगर मोडला आणि जादा नसला तर सायकल ढकलत आणावी लागते. ज्याचा त्याने पिशवीत ठेवावा. नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, कारण टेकडीमागे रेंज जाते. हेल्मेट नसेल तर राइड नाही, यावर चर्चा करू नये.

चालणाऱ्याला आधी वाट, चढणाऱ्या सायकलीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. तिथे घंटी हवी आणि वेग आवरता यायला हवा.

पावसाळा हाच खरा हंगाम?

डोंगर हिरवे होतात म्हणून तसं वाटतं. पण काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरून चाक जागीच अडकवते, बेसाल्टवर शेवाळ चढतं, आणि ओल्या वाटेवर उमटलेली चाकोरी पुढच्या सरीत ओघळ बनते. त्याहून नाजूक आहेत ते सडे. कातळावरच्या चिमूटभर मातीत पावसाळ्यापुरती रोपं उगवतात, फुलतात आणि बी टाकून जातात. कासच्या पठाराचं महत्त्व त्यामुळेच आहे. अशा जागी एका चाकाचा माग त्या वर्षीचं बी मोडतो. पाऊस थांबून वाट सुकेपर्यंत डांबरी घाटांत सायकल चालवावी.

आणि जंगल कुणाचंच नसतं, असंही नाही. चुनारच्या पलीकडे चंदौली जिल्ह्यात चंद्रप्रभा अभयारण्य आहे, राजदरी आणि देवदरीच्या धबधब्यांचं. भाच्याच्या यादीत तेही होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. चालत असो वा सायकलीवर. महाराष्ट्रातही हेच. म्हणून वाट ठरवण्याआधी वनखात्याच्या चौकीत विचारावं. चौकीतल्या माणसाला पाण्याच्या जागाही ठाऊक असतात.

भाच्याने यादी पुन्हा लिहिली. अभयारण्य खोडलं, चौदाचे सात-सात केले, बेत दिवाळीनंतरवर ढकलला. पुढे कोण राहणार यासाठी तीन जण तयार होते, मागे राहायला एकही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राइड तू बोलावली आहेस, तर पहिल्या वेळी मागे तूच राहा."