कॅरिबियन सफर : बंदरावरचे सहा तास

कॅरिबियन समुद्रांतील बेटांचीं नांवें मराठी घरांना अपरिचित नाहींत. ब्रिजटाऊन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन हीं नांवें भूगोलाच्या पुस्तकांतून जितकीं कानीं आलीं, त्याहून अधिक क्रिकेटच्या धावत्या वर्णनांतून आलीं. १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या संघानें पोर्ट ऑफ स्पेन येथें वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हांपासून तर तीं बेटें शेजारच्या आळींतलीं वाटूं लागलीं. आतां मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील वडील मंडळी त्याच समुद्रांतून सात दिवसांची सफर करूं लागली आहे. फ्लोरिडा राज्यांतील मायामीसारख्या बंदरांतून जहाज निघतें आणि आठवड्यांत तीन-चार बंदरें करून परत येतें.

तिकीट हातीं पडतांच सोबत किनाऱ्यावरील सहलींची यादीहि हातीं पडते. एकेका बंदरासाठीं अनेक सहली. कोठें धबधबा, कोठें जुना किल्ला, कोठें पाण्याखालील सृष्टीचें दर्शन, तर कोठें नुसतें वाळूवर पहुडणें. रंगीत चित्रें पाहून मन मोहून जातें आणि बहुतेक मंडळी चित्रावरूनच निवड करितात. चूक होते ती येथेंच. सहलीची निवड प्रथम घड्याळानें, मग शरीरमानानें, मग पैशानें आणि व्यवहारानें, आणि शेवटीं त्या बेटाचें खरें स्वरूप कशांत आहे तें पाहून करावयाची असते. पहिल्या पायऱ्या गाळल्या कीं पैसा जातो, दिवस जातो, आणि क्वचित् जहाजहि जातें.

प्रथम घड्याळ. समजा, जहाज सकाळीं ८ वाजतां बंदरास लागतें आणि सायंकाळीं ५ वाजतां निघतें, असें पत्रकांत छापलें आहे. वरवर पाहतां हे नऊ तास झाले. परंतु तेथील अधिकाऱ्यांनीं परवानगी दिल्याखेरीज कोणासहि उतरतां येत नाहीं. आणि तीन-चार हजार उतारू एकदम जिन्याशीं आले म्हणजे पाळी येण्यास वेळ लागतो. त्यासाठीं एक तास वजा करावा. जहाज पांचला सुटावयाचें असलें तरी उतारूंनीं साधारणतः अर्धा तास, आणि कांहीं जहाजांवर एक तास आधीं परत आलें पाहिजे, असा नियम असतो. तोहि एक तास वजा करावा. वाटेंत टायर फुटणें, पाऊस, रस्त्यावरची गर्दी यांसाठीं आणखी एक तास हातचा धरावा. उरले सहा तास. खरी सहल या सहा तासांची. जी सहल यांत ऐसपैस बसते तीच आपली. जी कोंबून बसवावी लागते ती कितीहि सुंदर असली तरी आपली नव्हे.

कांहीं बंदरांत हे सहा तासहि पुरते मिळत नाहींत. ग्रँड केमन बेटावरील जॉर्ज टाऊन येथें मोठ्या जहाजांना लागण्यास धक्का नाहीं. बेलीझ सिटीजवळ समुद्र उथळ असल्यामुळें मोठीं जहाजें किनाऱ्यापासून कांहीं किलोमीटर दूर नांगर टाकतात. तेथें लहान होड्यांतून किनारा गांठावा लागतो. कोंकणच्या आगबोटींनीं ज्यांच्या वडिलांनीं प्रवास केला, त्यांच्या घरांत पडावाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात : आगबोट खोल पाण्यांत उभी, उतारू पडावांत, आणि पडाव लाटांवर. केमन व बेलीझ येथील प्रकार जातीनें तोच. फक्त होडी यंत्राची असते आणि बसण्यास बाक असतात. जाण्याची पाळी आणि येण्याची पाळी मिळून आणखी तासभर तरी धरावा. ज्यांनीं जहाजाकडूनच सहल घेतली असेल त्यांना सहसा आधीं सोडतात. इतरांना चिठ्ठी घेऊन क्रमाची वाट पाहावी लागते.

घड्याळाची दुसरी मेख अधिक सूक्ष्म आहे. जहाजावरील वेळ आणि बेटावरील वेळ एकच असेल असें नाहीं. फ्लोरिडांत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करितात; पोर्तो रिको किंवा मेक्सिकोचें कोझुमेल बेट येथें तीं वर्षभर बदलत नाहींत. त्यामुळें हिवाळ्यांत पोर्तो रिको फ्लोरिडाच्या एक तास पुढें असतें, आणि उन्हाळ्यांत कोझुमेल एक तास मागें पडतें. जहाजानें फ्लोरिडाचीच वेळ कायम ठेविली असेल, तर कोझुमेलच्या चौकांत चार वाजले असतां जहाजावर पांच वाजलेले असतात. चौकांतील घड्याळ पाहून जो निवांत बसला त्याला धक्क्यावरून जहाजाची पाठ दिसते. खिशांतील मोबाईल पुष्कळदां आपोआप बेटाची वेळ दाखवूं लागतो. म्हणून मनगटावर साधें घड्याळ बांधावें, आणि तें जहाजाच्या वेळेस लावून ठेवावें.

आतां हा सहा तासांचा हिशेब स्थळांना लावून पाहावा. कोझुमेलला उतरणाऱ्यास माया लोकांचीं प्राचीन नगरें पाहण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. चिचेन इत्झा येथील पायऱ्यापायऱ्यांचें उंच मंदिर जगप्रसिद्ध आहे. परंतु तें बेटावर नाहीं. प्रथम होडीनें सुमारें पाऊण तास मुख्य भूमीकडे, तेथून मोटारीनें दोन-अडीच तास, आणि तितकेंच परत. सहा तास वाटेंतच संपले, पाहावयाचें केव्हां? समुद्राकांठच्या कड्यावर वसलेलें तुलूमचें तटबंदीचें नगर त्या मानानें जवळ. होडीनंतर मोटारीनें सुमारें एक तास. जहाज दिवसभर थांबणार असेल तर तें बसतें. आणि ज्यांना तीहि दगदग नको, त्यांच्यासाठीं खुद्द कोझुमेलवर सान हेर्वासिओ येथें इश्चेल देवीच्या यात्रेचें जुनें माया क्षेत्र आहे. तें तुलूमइतकें भव्य नाहीं, पण स्वस्थपणें पाहतां येतें. धांवत जाऊन नुसतें कळसाचें दर्शन घेऊन परतण्यापेक्षां जवळच्या देवळांत घटकाभर बसणें बरें. डोमिनिका बेटावरहि हाच न्याय. तेथील उकळत्या पाण्याचें सरोवर हें मोठें आश्चर्य खरें. पण डोंगर चढून तेथें जाऊन येण्यास सारा दिवस लागतो. उलट ट्रॅफल्गर येथील जोडधबधबे रोझो या राजधानीपासून थोड्या अंतरावर आहेत.

दुसरी कसोटी शरीरमानाची. जमैकांत ओचो रिओस गांवाजवळ डन्स रिव्हर नांवाचा धबधबा आहे. सुमारें १८० मीटर लांबीचा हा प्रवाह टप्प्याटप्प्यांनीं समुद्राला मिळतो, आणि लोक एकमेकांचे हात धरून, सांखळी करून, पाण्यांतूनच तो खालून वर चढतात. नातवंडांना याहून मोठी मौज नाहीं. परंतु खडक निसरडे, पाणी जोराचें. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना ती मौज महागांत पडावयाची. यादींत प्रत्येक सहलीपुढें श्रमाची प्रतवारी दिलेली असते. ती वाचावीच; पण तेवढ्यावर न थांबतां पायऱ्या किती, सलग चालणें किती, सावली आहे काय, शौचालय कोठें आहे, हे चार प्रश्न विचारून घ्यावे.

चालणें ज्यांना जमत नाहीं त्यांच्यासाठींहि उत्तम सहली आहेत. सेंट किट्स बेटावर ऊंस वाहून नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं अरुंद रुळांची आगगाडी घातली गेली. तेथील साखरेचा धंदा २००५ सालीं बंद झाला; रूळ मात्र राहिले, आणि आज त्यांवरून प्रवासी बसल्या जागीं डोंगर आणि समुद्र दोन्ही पाहतात. बार्बाडोसमध्यें हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा विजेच्या गाडींतून पाहतां येते. एका कुटुंबानें सारा दिवस एकत्रच हिंडलें पाहिजे असें नाहीं. आजी-आजोबांनीं आगगाडींत बसावें, मुलांनीं डोंगर चढावा. रात्रीं जेवतांना एकाऐवजीं दोन हकीकती होतात.

तिसरा प्रश्न सहल कोणाकडून घ्यावी हा. जहाजाकडून घेतलेली सहल सहसा महाग असते, आणि एका बसमध्यें चाळीस-पन्नास माणसें असतात. बेटावरील स्थानिक वाटाड्या थोड्या पैशांत, चार-सहा जणांना, त्यांच्या कलानें हिंडवितो. मग लोक जहाजाकडून सहल घेतात तरी कां? कारण त्या जादा पैशांत एक विमा दडलेला असतो. जहाजाच्या सहलीची बस उशिरां आली, तर जहाज तिच्यासाठीं थांबतें; अगदींच थांबतां आलें नाहीं तर त्या उतारूंना पुढच्या बंदरास पोंचविण्याची व्यवस्था कंपनी करिते. स्वतंत्रपणें हिंडणाऱ्यासाठीं जहाज थांबत नाहीं. त्याला स्वतःच्या खर्चानें विमान गांठून पुढचें बंदर गांठावें लागतें. आणि पुढचा देश वेगळा असला म्हणजे त्याच्या प्रवेश-परवान्याचा प्रश्न उभा राहतो. भारतीय पारपत्र असलेल्यांना ही अडचण अधिक जाचते. शिवाय वादळामुळें जहाजानें एखादें बंदर गाळलें, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या माणसाशीं तो करार आधीं करावा लागतो. कॅरिबियनमधील वादळांचा ऋतु १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. त्या काळांत जाणाऱ्यानें हें विसरूं नये.

यावरून एक सोपा नियम निघतो. दूर जावयाचें, होडी बदलावयाची, किंवा एकच घाटरस्ता असावयाचा, तर सहल जहाजाची घ्यावी. जवळपासच हिंडावयाचें तर स्वतंत्र जावें. पोर्तो रिकोच्या सान ह्वान शहरांत १५३९ सालीं बांधावयास घेतलेला एल् मोरो किल्ला धक्क्यापासून जुन्या पेठेंतून चालत गांठतां येतो. क्युरासाओ बेटावर १८८८ सालचा तरंगता पूल आणि रंगीत डच घरें गांवांतच आहेत. अशा ठिकाणीं बसचे पैसे भरणें म्हणजे घरासमोरच्या देवळास टांग्यानें जाणें होय. मात्र कोठेंहि जातांना पारपत्राची छायाप्रत, आणि जहाजाच्या दैनिक पत्रकांत छापलेला त्या बंदरांतील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक खिशांत असावा.

कांहीं बारीक गोष्टींनींहि दिवसाचा विरस होतो. फळें व ताजें अन्न जहाजाबाहेर नेण्यास सहसा बंदी असते. म्हणून शाकाहारी मंडळींनीं सहलींत जेवण आहे काय आणि कोणतें, हें आधींच विचारावें. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया या देशांत लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य नागरिकांस घालतां येत नाहींत. नातवाची तशी टोपी घरींच ठेवावी.

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. वाळू आणि निळें पाणी सगळ्याच बेटांवर आहे. तीन बंदरांत तिन्ही दिवस वाळूवर काढले, तर घरीं आल्यावर तिन्ही बेटांत फरक काय हें सांगतां येत नाहीं. म्हणून निदान एक सहल त्या बेटाच्या अंतरंगाची असावी. सेंट किट्सवरील ब्रिमस्टोन हिल हा डोंगरी किल्ला इंग्रज अभियंत्यांनीं आंखला, पण त्याचे दगड आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांनीं वाहिले. या बेटांवरची साखर अशीच पिकली. आणि गुलामगिरी उठल्यावर तीच साखर पिकविण्यासाठीं १८४५ पासून हिंदुस्थानांतील मजूर करारानें त्रिनिदादला नेले गेले. मार्टिनिकवरील सेंट पिएर हें भरभराटीचें शहर ८ मे १९०२ रोजीं पेले ज्वालामुखीच्या उद्रेकांत कांहीं मिनिटांत जळालें. हजारों माणसें मेलीं. एका दगडी कोठडींतील कैदी वांचला, आणि ती कोठडी आजहि दाखवितात. अशी एक जागा पाहिली म्हणजे बेट नकाशावरचा ठिपका राहत नाहीं.

आणि मराठी कुटुंबासाठीं एक सहल अशी आहे कीं, तिला ना बस लागते ना तिकीट. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन येथें बंदरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर केन्सिंग्टन ओव्हल हें मैदान आहे. २९ जून २०२४ रोजीं मुंबईच्या रोहित शर्माच्या नेतृत्वाखालीं भारतानें तेथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ७ धावांनीं जिंकला. त्या दिवशीं आंत प्रवेश मिळाला तर उत्तम. न मिळाला तर फाटकाशीं क्षणभर उभें राहावें. ज्या मैदानाचें नांव ऐकत आजोबा वाढले, तें नातवाला बोट धरून दाखविण्यास तासभर पुरे. हातचा तास शिल्लक राहतोच. फक्त मनगटावरचें घड्याळ जहाजाच्या वेळेस लावलेलें असावें.