वडूजच्या धुळीला कोणता व्हॅक्यूम क्लीनर?

खटाव दुष्काळी तालुका; उन्हाळ्यात वडूजच्या घरांत बारीक माती येतच राहते. शहाबादी फरशीला केरसुणी पुरते, पण गालिच्यात रुतलेली धूळ तिला दाद देत नाही. व्हॅक्यूम क्लीनर घेताना खोक्यावरच्या वॅटला भुलू नका. मोटर किती वीज खाते एवढंच तो आकडा सांगतो. हवा ओढण्याचा जोर किलोपास्कलमध्ये दिलेला असतो, तो पाहा. गालिच्यासाठी फिरता ब्रश हवाच, मात्र फरशीवर तो बंद करता आला पाहिजे, नाहीतर खडे उडतात. स्वस्तातल्या यंत्रात माझी पसंती धुता येणाऱ्या फिल्टरला. आपल्या मातीने तो लवकर तुंबतो. धुतल्यावर पुरता वाळेपर्यंत बसवू नका. आणि घोंगडीवर फिरता ब्रश नको, लोकर उपटते.