धरणापासून वयात आलेली चित्रकथा

इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडली, तेव्हा वेताळ आणि मँड्रेकवर पोसलेल्या माझ्या पिढीनं चित्रकथेला बालपणाच्या खात्यात टाकून दिलं. पुढच्या काळात भारतीय चित्रकारांनी जे केलं ते पाहता, हा निरोप फार घाईचा होता. त्यातली मला सर्वांत जवळची पुस्तकं तर आपल्याच पाण्याची आणि माणसांची आहेत, जरी ती आली इंग्रजीतून.

सुरुवात १९९४ची. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ कल्पवृक्ष या पर्यावरण संस्थेनं काढलं. त्यातलं रेवासागर धरण काल्पनिक, पण नदी नर्मदाच. आपल्याकडे नर्मदाकाठचं मणिबेली गाव पाण्याखाली जात होतं, तोच हा काळ. एकीकडे मलगू गायन सृष्टीच्या जन्माची गाथा गातो, दुसरीकडे विष्णू नावाचा तरुण पत्रकार धरणाची बातमी शोधत हिंडतो. काळ्यापांढऱ्या रेषांत ही दोन्ही कथानकं एकमेकांत मिसळत जातात. सारनाथ बॅनर्जींच्या ‘कॉरिडॉर’ला (२००४) बरेच जण पहिली भारतीय ग्राफिक कादंबरी म्हणतात. दिल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याभोवती फिरणारं ते पुस्तक मलाही आवडतं, पण तो मान सेन यांचाच. अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) धुरकट, गटारांच्या मुंबईतलं एकटेपण ज्या धीटपणे रेखाटते, तसं मी क्वचितच वाचलं आहे.

आणि मग २०११. नवयान प्रकाशनाचं ‘भीमायन’. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही म्हणून त्यांनी कॉमिकच्या ठरीव चौकटीच नाकारल्या. बाबासाहेबांचं आयुष्य मांडलंय पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत. तहानलेल्या भीमाचं धड मासा होतं. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकांतून श्रोत्यांवर पाणी शिंपडलं जातं. आगगाडी सापासारखी वळते. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, विखारी बोलण्याला मात्र विंचवाची नांगी. चवदार तळ्याचा इतिहास पाठ असलेल्या वाचकालाही ही पानं थांबवून ठेवतात. गेल्या तीस वर्षांतलं हे सर्वोत्तम भारतीय कॉमिक आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच वर्षी नवयाननंच ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ आणलं: महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वरची (१८७३) चित्रकथा, नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनान यांची. मुळात ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातच लिहिलेली, त्यामुळे कॉमिकच्या फुग्यांत ती अगदी सहज बसली.

‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ वर्षानुवर्षं दुर्मीळ होतं; २०२२मध्ये ब्लाफ्ट प्रकाशनानं ते पुन्हा छापलं. घरात वाचती मुलं असतील तर ‘भीमायन’पासून सुरुवात करा, आणि ते त्यांच्या सोबत बसून वाचा.