शेलापागोट्यांतील भविष्य

निरोप-समारंभात शेलापागोटी वाचण्याची चाल वाचकांना ठाऊक आहेच. निनावी चिठ्ठ्या पेटीत पडावयाच्या आणि कोणी तरी त्या भरसभेत वाचावयाच्या. १९७२ साली बडोद्यास आम्ही अकरावी संपविली, तेव्हा वर्गाने प्रत्येकाचे वीस वर्षांनंतरचे भविष्य लिहावयाचे ठरविले. वाचनाचे काम आमच्याकडे आले.

गणितात सदैव नापास होणारा बँकेत रोखपाल होणार होता. सुरसागराच्या काठी भजी खात तास बुडविणारा मांडवीत भज्यांचे दुकान थाटणार होता. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि उत्तरपत्रिकेत दोहोंची खिचडी करणारी व्याकरण लिहिणार होती. गुरुजींनाही हसू आवरेना.

पुढची चिठ्ठी एका तोतऱ्या मित्राविषयी होती : 'हे आकाशवाणीवर बातम्या देतील, सकाळच्या बातम्या सायंकाळी संपतील.' क्षणभर अडखळलो; परंतु टाळ्यांची चटक लागली होती. वाचली. तोही हसला, फराळाला मात्र थांबला नाही.

१९९२ साली वर्ग पुन्हा जमला. रोखपालाचे भविष्य खरे ठरले होते. भज्यांचे दुकान निघाले नव्हते, ही बडोद्याची हानीच! तो मित्र वकील झाला होता. थांबत थांबत, पण नेमके बोले. आम्ही क्षमा मागितली.

"ती चिठ्ठी माझीच," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी लिहिण्यापूर्वी मीच लिहून टाकली."

"मग फराळाला का थांबला नाहीस?"

"तू इतक्या झोकात वाचशील, असे वाटले नव्हते."