टाकीत उतरण्याआधी

जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मेले. अशा टाकीच्या तळाशी साचलेला गाळ कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू सुटतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खालीच बसून राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि आत उतरलेल्याला वाटते, वास गेला, आता भीती नाही. हवेत एरवी सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद टाकीत तो इतका घटू शकतो की माणूस वरच्याला हाक मारायच्या आत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा अपघातांत मृतांचा आकडा फुगतो तो याच मायेपोटी. ती माया समजूत घालून आवरत नाही. त्यासाठी टाकीच्या तोंडाशी आधीपासून दोर, पट्टा आणि कडक शिस्त हवी.

ही शिस्त त्या वेळी कायद्यात लिहिलेली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ सांगत होते की वायू साचण्याचा धोका असलेल्या टाकीत कोणालाही उतरायला लावू नये आणि उतरूही देऊ नये. आधी वायू काढून टाकण्याचे सगळे उपाय करायचे; मग जाणकार व्यक्तीने तपासणी करून आत जाण्यासारखी स्थिती असल्याचा लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा बांधून दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती ठेवायचे. ‘कामगारच ऐकत नाहीत, मास्क दिला तरी काढून ठेवतात,’ ही तक्रार अनेक मालक करतात आणि ती खोटी नसते. पण ‘उतरूही देऊ नये’ या शब्दांत तिचे उत्तर आहे. कामगार निष्काळजी असू शकतो हे धरूनच कायद्याने जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. कंपनी असेल तर संचालकावर. माणसे ठेकेदाराची होती, ही सबबही टिकत नाही, कारण ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कायद्याच्या व्याख्येत कामगारच होता.

खरी अडचण पुढे आहे. कायदा माणसे मोजून लागू होतो. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला पूर्वी दहा कामगार पुरत. महाराष्ट्राने ही मर्यादा वीस केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने तीच देशभर आणली. इतर आस्थापनांना ही संहिता दहा कामगारांपासून लागू होते. लातूर-उदगीरच्या डाळ मिल, नांदेडकडच्या जिनिंग, गावोगावची मळणी यंत्रे पाहिली की हा हिशेब किती तोकडा आहे ते कळते. यंत्राच्या पट्ट्यात सापडलेला हात आत किती जण कामाला आहेत हे विचारत नाही. लहान उद्योगाला खर्च झेपणार नाही, हा आक्षेप मोठ्या यंत्रणेबाबत रास्त आहे. पण दोर, पट्ट्याला जाळी आणि टाकीवर उभा एक माणूस यांना मोठे भांडवल लागत नाही. वायुमापक महाग वाटला तर वसाहतीतल्या उद्योजकांनी मिळून घ्यावा. जिवाला धोका असलेले काम केंद्र सरकारने अधिसूचित केले तर कामगारांच्या संख्येची अट उरत नाही, अशी वाट संहितेनेच ठेवली आहे. बंद टाकीतली सफाई त्या यादीत सर्वांत आधी यावी.

अंमलबजावणीचे काम राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. ‘इन्स्पेक्टर राज’चा जाच उद्योजकांनी भोगला आहे, म्हणून तपासणी कोणाची करायची हे आता संगणक ठरवतो आणि निरीक्षकाने मार्गदर्शकही व्हावे अशी अपेक्षा आहे. मनमानीला हा चांगला आळा आहे. मात्र टाकी वर्षातून एखाद-दोन दिवसच उघडते आणि संगणकाने नेमका तोच दिवस निवडणे हा योगायोगच. त्यामुळे आत उतरण्याचा लेखी दाखला सफाईच्या आदल्या दिवशी संचालनालयाला पाठवणे आणि फाटकावर लावणे सक्तीचे करावे. त्यात निरीक्षकाची फेरी लागत नाही आणि दाखला न देता काम सुरू झाले तर बाहेरच्या कोणालाही ते दिसते. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि दंडाची निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. शिक्षा वाढली हे बरेच झाले, पण ती सगळी अपघातानंतरची आहे.

आणि या चौकटीबाहेर किती माणसे आहेत! ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळून वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर बाया बुडाल्या. रोजंदारीवरची शेतमजूर सुरक्षेच्या या कायद्यात जवळजवळ कुठेच येत नाही. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने मात्र ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीतले काम आपल्या यादीत घेतले होते. म्हणजे मेल्यावर दाद मागण्याची सोय शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात सापडत होती. ट्रॅक्टर विहिरीकडे वळण्याआधी ती वाट कोणी पाहून घ्यायची होती, हे सांगणारे कलम कामगार कायद्यांत अजून सापडत नाही.